दीर्घ खंडानंतर कार्ट-शर्यतीत परतताना

कार्ट, म्हणजे शर्यतीची छोटी, उघडी, चारचाकी गाडी, चालवणे सुटून पाच-सात वर्षे झाली, तरी आपण काही विसरलो आहोत असे माणसाला वाटत नाही. उलट सगळे लख्ख आठवते, आणि खरी अडचण तिथेच असते. हातांना जुन्या कार्टचे स्टिअरिंग आठवत असते, पायाला ब्रेक दाबण्याची जुनी जागा आठवत असते, मनाला आपला सर्वांत चांगला लॅप, म्हणजे ट्रॅकची एक पूर्ण चक्कर, आठवत असतो. पण शरीर, यंत्र, टायर आणि नियम यांतले काहीच त्या आठवणीतल्यासारखे राहिलेले नसते. नऊ वर्षांच्या खंडानंतर हौशी गटात परतताना मला हे टप्प्याटप्प्याने आणि थोडे नुकसान सोसून कळले. म्हणून या लेखाचा सगळा रोख एकाच गोष्टीवर आहे : परतताना आठवणीवर विसंबू नये, प्रत्येक गोष्ट आज नव्याने मोजून घ्यावी. हा खेळ पहिल्यांदाच सुरू करणाऱ्यांनाही यातले बरेचसे लागू पडते, त्यामुळे जिथे खास संज्ञा आली आहे तिथे तिचा अर्थही दिला आहे.

पहिली पायरी : पाना उचलण्याआधी नियमपुस्तिका

परतण्याचा विचार पक्का झाला की बहुतेक जण थेट जुन्या कार्टवरची ताडपत्री काढतात. त्याआधी एक संध्याकाळ नियमपुस्तिकेला द्यावी. कार्टचे वर्ग, म्हणजे कोणते इंजिन कोणासोबत धावणार याची विभागणी, काही वर्षांत पार बदलून जाते. आंतरराष्ट्रीय पातळीवर २००६ पर्यंत १०० सीसीच्या इंजिनांचे वर्ग होते. २००७ मध्ये त्यांच्या जागी केएफ हा १२५ सीसीचा वर्ग आला आणि २०१६ पासून केएफची जागा ओके या वर्गाने घेतली. वरच्या पातळीवरच्या अशा बदलांचे पडसाद क्लबच्या शर्यतींपर्यंत पोहोचतातच. तुमचे इंजिन उत्तम स्थितीत असेल, पण ते ज्या वर्गात बसत होते तो वर्गच आता अस्तित्वात नसेल, तर त्यावर केलेला खर्च केवळ सरावापुरता उरतो.

वर्ग निवडताना माझे मत स्पष्ट आहे. परतणाऱ्याने पहिल्या हंगामात सहा गिअरच्या केझेड वर्गाचा मोह टाळावा, मग तो पूर्वी त्यात कितीही रमलेला असो. एकाच प्रकारचे इंजिन आणि एकाच प्रकारचे टायर सर्वांना सक्तीचे असलेला वर्ग घ्यावा. रोटॅक्स मॅक्स किंवा आयामे एक्स-३० ही १२५ सीसीची टू-स्ट्रोक इंजिने, किंवा ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचे एलओ-२०६ हे फोर-स्ट्रोक इंजिन यांभोवती असे वर्ग आहेत. फोर-स्ट्रोक वर्ग संथ वाटला तरी त्यात वेग टिकवून वळण घेण्याची शिस्त लागते आणि इंजिनाच्या देखभालीत वेळ जात नाही. वयाच्या गटाचीही चौकशी करावी. बऱ्याच मालिकांत ठरावीक वयापुढच्या, वजनाने थोड्या जड चालकांसाठी वेगळा वर्ग असतो, आणि पूर्वी तुम्ही तरुण असल्यामुळे त्याकडे तुमचे लक्षही गेलेले नसते.

परवान्याचे नूतनीकरण, वैद्यकीय तपासणीचा दाखला आणि विमा ही कामे याच टप्प्यावर हाती घ्यावीत, कारण त्यांना लागणारा वेळ आपल्या हातात नसतो.

दुसरी पायरी : शरीर

कार्टला स्प्रिंग किंवा शॉक-अ‍ॅब्सॉर्बर नसतात. रस्त्याचा प्रत्येक हादरा चॅसीच्या, म्हणजे कार्टच्या सांगाड्याच्या, नळ्यांतून सीटमध्ये आणि सीटमधून थेट बरगड्यांत उतरतो. वळणावर शरीर बाहेरच्या बाजूला फेकले जाते तेव्हा सीटची कड आणि बरगडी यांच्यात जे काही असेल तेच कामी येते. खंडानंतर परतणाऱ्यांची सर्वांत नेहमीची दुखापत हीच असते आणि ती बेताची वाटली तरी चिवट असते. मला पहिल्याच सरावानंतर तीन आठवडे शिंकताना उशी छातीशी धरावी लागत होती.

पहिल्या शर्यतीच्या निदान दहा-बारा आठवडे आधी तयारी सुरू करावी. मान, मनगटापासून कोपरापर्यंतचे हात, आणि पोट व पाठीचे स्नायू या तीन जागांवर भर द्यावा. मानेसाठी तळहात कपाळाला, मग डोक्याच्या मागे, मग दोन्ही कानांवर लावून, डोके न हलवता विरुद्ध दाब देण्याचा साधा व्यायाम पुरेसा असतो. वजने लटकवून मानेला झटके देण्याच्या भानगडीत पडू नये. हातांसाठी ओला टॉवेल पिळण्याचा व्यायाम जुना असला तरी चांगला आहे. याच्या जोडीला आठवड्यातून तीन दिवस दम लागेल असे धावणे किंवा सायकल चालवणे हवे, कारण शेवटच्या चार लॅपमध्ये होणाऱ्या चुका बहुधा हाताच्या नसून थकलेल्या डोळ्यांच्या असतात. पाठीचे, मानेचे किंवा हृदयाचे जुने दुखणे असेल तर हे सगळे सुरू करण्याआधी डॉक्टरांना स्पष्ट विचारावे आणि त्यांना कार्ट म्हणजे नेमके काय हेही समजावून सांगावे.

तिसरी पायरी : जुना पोशाख

जुने हेल्मेट डोक्यात बसते म्हणून ते चालेल असे नाही. हेल्मेटच्या आतला फोम, त्याला चिकटवणारा गोंद आणि बाहेरचे कवच हे सर्व घामाने, उन्हाने आणि वापराने कमजोर होत जाते. हेल्मेटची मानके ठरवणारी स्नेल फाउंडेशन ही संस्था पाच वर्षांच्या वापरानंतर हेल्मेट बदलण्याचा सल्ला देते, आणि एकदा जोराचा आघात झालेले हेल्मेट तर नवे असले तरी बाद समजावे. नवे घेताना आतली चिठ्ठी वाचावी. स्नेलच्या मानकांत ‘के’ हे अक्षर कार्टिंगसाठी असते, उदाहरणार्थ के-२०२०. ‘एम’ हे मोटरसायकलसाठी असते. तुमच्या आयोजकाला कोणते मानक चालते ते नियमपुस्तिकेत दिलेले असते आणि तांत्रिक तपासणीत ती चिठ्ठी पाहिली जाते.

छातीच्या कवचाचाही असाच प्रश्न आहे. पूर्वी बरगड्यांभोवती गुंडाळायचा जाडसर पट्टा पुरत असे. आता एफआयए या मोटर-शर्यतींच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे ८८७०-२०१८ हे छाती आणि बरगड्यांच्या संरक्षणाचे स्वतंत्र मानक आहे आणि अनेक स्पर्धांत ते सक्तीचे आहे. सक्ती नसली तरी परतणाऱ्याने याच कवचावर आधी खर्च करावा, हातमोज्यांच्या रंगावर नंतर.

चौथी पायरी : पहिली बसणी भाड्याच्या कार्टमध्ये

स्वतःचे कार्ट बाहेर काढण्याआधी तीन-चार वेळा भाड्याचे कार्ट चालवावे. ते जड असते, त्याला चहूबाजूंनी बंपर असतात, इंजिन बेताचे असते, आणि त्यामुळेच या टप्प्याला ते योग्य असते. इथे लॅपची वेळ कमी करण्याचा प्रयत्न करू नये. फक्त नजर कुठे जाते ते पाहावे. खंडानंतर नजर समोरच्या कार्टच्या मागच्या बंपरवर खिळते. ती उचलून वळणाच्या आतल्या टोकाकडे, ज्याला सगळे एपेक्स म्हणतात त्या बिंदूकडे, आणि तिथे पोहोचण्याआधीच बाहेर पडण्याच्या कडेकडे न्यावी लागते. डोळ्यांना ही सवय पुन्हा लागली की हात आपोआप शांत होतात.

पाचवी पायरी : यंत्राची तपासणी

या टप्प्यावर मी चूक केली होती, म्हणून तो सविस्तर सांगतो. माझे टू-स्ट्रोक इंजिन नऊ वर्षे कापडात गुंडाळून कोरड्या जागी ठेवलेले होते. हाताने फिरवले तर सहज फिरत होते, स्पार्कही येत होता. कार्ब्युरेटर उघडला तर आत पेट्रोल आटून मधासारखा पिवळसर थर बसलेला होता आणि सुई जागेवर चिकटलेली होती. तो मी स्वच्छ केला, नवे गॅस्केट घातले, आणि इंजिन पहिल्याच प्रयत्नात सुरू झाले म्हणून खूश झालो. तिसऱ्या लॅपला सरळ पट्ट्यावर खालून खरखर आली आणि मागची चाके जाम झाली. इंजिन उघडल्यावर क्रँकशाफ्टच्या बेअरिंगच्या कडीवर टाचणीच्या टोकाएवढे तांबूस खड्डे एका ओळीत दिसले. साठवणीत आत राहिलेल्या ओलाव्याने धरलेला तो गंज होता. बाहेरून तो दिसणे शक्यच नव्हते. तेव्हापासून माझा नियम असा आहे की एक-दोन वर्षांहून अधिक काळ बंद असलेले टू-स्ट्रोक इंजिन जाणत्या मेकॅनिककडून तळापर्यंत उघडून, बेअरिंग, सील, पिस्टन रिंगा आणि गॅस्केट बदलूनच सुरू करावे.

पेट्रोलच्या नळ्या, फ्युएल पंपाचा पडदा आणि फिल्टर हे न पाहताच बदलावेत. टू-स्ट्रोकला पेट्रोलमध्ये मिसळलेले ऑइल हेच वंगण असते, त्यामुळे मिश्रणाचे प्रमाण आठवणीतून घेऊ नये. एखाद्या इंजिनाला ५० ला १ हे प्रमाण लागते तर दुसऱ्याला २५ ला १. म्हणजे ५ लिटर पेट्रोलमध्ये पहिल्याला १०० मिलिलिटर ऑइल आणि दुसऱ्याला २००. वर्ग बदलला असेल तर हा फरक इंजिनाच्या जिवावर बेतू शकतो. डब्यावर तारीख आणि प्रमाण लिहून ठेवावे आणि मागच्या महिन्याचे उरलेले मिश्रण वापरू नये.

चॅसी तपासताना आधी ती तेलकट मळ जाईपर्यंत धुवावी आणि मग बॅटरीच्या उजेडात जोडकामाच्या जागा एकेक करून पाहाव्यात. सीटचे आधार जिथे नळीला जोडलेले असतात, आणि मागच्या ॲक्सलची बेअरिंग जिथे धरलेली असतात, तिथे भेगा पडतात. रंगावर केसासारखी बारीक तांबूस रेघ दिसली तर ती रंगाची चीर नसून खालच्या धातूची भेग असू शकते. कार्ट उभे करून तळही पाहावा. कर्बवर, म्हणजे ट्रॅकच्या कडेच्या उंचवट्यावर, घासून नळी चपटी झालेली असेल तर तिची ताकद गेलेली असते.

ब्रेकच्या बाबतीत तडजोड नको. ब्रेकचे द्रव हवेतला ओलावा शोषून घेते आणि मग तापल्यावर लवकर उकळते, त्यामुळे ते पूर्ण बदलावे; कोणते द्रव घालायचे ते ब्रेकच्या उत्पादकाच्या सांगण्यावरूनच ठरवावे, कारण चुकीच्या द्रवाने आतले रबरी सील फुगतात. नंतर पेडल जोराने दाबून अर्धा मिनिट तसेच धरावे. पायाखाली ते हळूहळू, जेमतेम जाणवेल इतके खाली जात राहिले, तर सील गेले आहेत. पेडल आणि मास्टर सिलिंडर यांना जोडणाऱ्या दांड्याच्या जोडीला सुरक्षेची दुसरी तार असते, तीही शाबूत आहे ना ते पाहावे. स्टिअरिंगच्या सांध्यांतली ढील, वाकलेले टाय-रॉड, बोल्टांच्या सेफ्टी पिना, चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट (चेनची दातेरी चाके) एका रेषेत असणे, या गोष्टी नेहमीच्या आहेत. नायलॉनची कडी असलेले जुने नट मात्र पुन्हा वापरू नयेत.

टायर जुने असतील तर ते बाद समजावेत, रबर कितीही शिल्लक दिसो. नख दाबून पाहावे. रबरात खूण उमटत नसेल तर ते कडक झाले आहे आणि त्यावर घेतलेला कोणताही निष्कर्ष नव्या टायरला लागू पडणार नाही.

सहावी पायरी : सीट आणि वजन

नऊ वर्षांत माझे वजन अकरा किलोंनी वाढले होते आणि तरीही जुन्या सीटमध्ये बसण्याचा हट्ट मी सरावाच्या दोन दिवसांपर्यंत धरला. कार्टमध्ये चालकाचे वजन हा एकूण वजनाचा फार मोठा हिस्सा असतो आणि सीट ही चॅसीला ताठर करणारा एक भाग असते, त्यामुळे सीटची जागा दोन बोटे इकडे-तिकडे झाली तरी कार्टचे वागणे बदलते. सीट अंगाला सर्व बाजूंनी सारखी भिडावी. कुठेही एकाच बिंदूवर टोचू नये आणि वळणावर अंग आत सरकू नये. ब्रेक पूर्ण दाबल्यावरही गुडघा किंचित वाकलेला राहावा, आणि स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर कोपर सरळ होऊ नये.

मग चारही चाकांखाली काटे ठेवून, स्वतः पूर्ण पोशाखात बसून वजन घ्यावे. सुरुवातीला पुढच्या चाकांवर सुमारे ४३ टक्के आणि मागच्या चाकांवर ५७ टक्के ही विभागणी धरून चालावे आणि चॅसीच्या उत्पादकाचा आकडा मिळाला तर तो घ्यावा. वर्गाचे किमान वजन चालकासह मोजले जाते. ते भरून काढण्यासाठी शिशाचे तुकडे लावायचे झाल्यास बोल्ट, मोठे वॉशर आणि दुहेरी नट वापरावेत. सैल झालेले शिसे मागून येणाऱ्याच्या अंगावर जाते.

सातवी पायरी : सरावाचे दिवस

शर्यतीआधी निदान तीन पूर्ण दिवस मोकळ्या सरावाला द्यावेत. पहिल्या दिवशी कार्टच्या रचनेला हातच लावू नये. कार्टला डिफरेन्शियल नसते, म्हणजे मागची दोन्ही चाके एकाच ॲक्सलवर घट्ट बसलेली असतात आणि एकाच वेगाने फिरतात. वळणावर आतल्या चाकाला कमी अंतर कापायचे असते, म्हणून ते जमिनीवरून किंचित उचलले गेले तरच कार्ट मोकळेपणाने वळते. स्टिअरिंग वळवल्यावर पुढचे आतले चाक खाली दाबले जाते, चॅसी पिळली जाते आणि मागचे आतले चाक उचलले जाते. खंडानंतर माणूस घाबरून स्टिअरिंग हळूहळू, अर्धवट वळवतो. चाक उचलले जात नाही, कार्ट सरळ ढकलले जाते आणि मग रचनेला दोष दिला जातो. त्यामुळे आधी हात सुधारावेत, मग पाने काढावेत.

दुसरी जुनी खोड ब्रेकची. गिअर नसलेल्या कार्टला ब्रेक फक्त मागच्या ॲक्सलवर असतो. वळण सुरू झाल्यावर पाय ब्रेकवर राहिला तर मागचा भाग सुटून पुढे येतो. जोराचा दाब सरळ रेषेतच द्यावा आणि स्टिअरिंग वळत जाईल तसा तो सोडत जावा. ब्रेकची जागा सुरुवातीला मुद्दाम लवकर ठेवावी आणि दर काही लॅपनंतर हातभर पुढे न्यावी.

टायरचा दाब थंड असताना, सावलीत, एकाच मापकाने मोजावा. कोरड्या ट्रॅकवरच्या स्लिक, म्हणजे खाचा नसलेल्या, टायरांत तो सहसा १ बारच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो. दाब वाढवला की टायर लवकर तापतो आणि लवकर ओसरतोही; पाच लॅपच्या पात्रता फेरीला आणि वीस लॅपच्या अंतिम शर्यतीला म्हणूनच एकच दाब चालत नाही.

स्प्रॉकेटचे गणितही कागदावर करावे. पुढे १२ आणि मागे ८० दात असतील तर गुणोत्तर ६.६७ होते, पुढे ११ आणि मागे ७३ केल्यास ६.६४, म्हणजे जवळजवळ तेच. पुढचा एक दात मागच्या सहा-सात दातांच्या बरोबरीचा असतो हे लक्षात न घेता बदल केले की सगळा दिवस वाया जातो.

या दिवसांत टायमरवरचा सर्वांत चांगला लॅप पाहण्याचा मोह आवरावा. समजा, एका फेरीत तुमचे चार लॅप ४९.८, ५०.९, ४९.९ आणि ५१.४ सेकंदांचे झाले, आणि दुसऱ्या फेरीत ५०.३, ५०.२, ५०.४ आणि ५०.३ सेकंदांचे. पहिल्या फेरीतला एक लॅप मनाला सुखावतो, पण चार लॅपची बेरीज २०२.० सेकंद होते. दुसऱ्या फेरीची २०१.२. चार लॅपमध्ये ०.८ सेकंदांचा फरक म्हणजे हौशी शर्यतीत कितीतरी जागांचा फरक असतो. सलग दहा लॅप अर्ध्या सेकंदाच्या आत येईपर्यंत मी शर्यतीची नोंदणी केली नाही, आणि परतणाऱ्या प्रत्येकाला मी हीच कसोटी सुचवतो. प्रत्येक फेरीनंतर वहीत दाब, स्प्रॉकेट, हवामान, लॅपच्या वेळा आणि कार्ट कसे वागले याचे एक वाक्य लिहावे. एका वेळी एकच बदल करावा.

आठवी पायरी : शर्यतीचा दिवस

दिवसाचा क्रम ठरलेला असतो : नोंदणी, तांत्रिक तपासणी, चालकांची बैठक, सराव, पात्रता फेरी, प्राथमिक शर्यती आणि अंतिम शर्यत. चालकांच्या बैठकीत पुढच्या रांगेत उभे राहावे आणि शंका तिथेच विचारावी. झेंड्यांची उजळणी आदल्या रात्री करावी. पिवळा म्हणजे पुढे धोका, वेग कमी आणि ओलांडणे बंद. लाल म्हणजे शर्यत थांबवली. निळा म्हणजे मागून वेगवान कार्ट येत आहे. पिवळ्यावर लाल पट्टे म्हणजे पुढे ट्रॅक निसरडा. काळ्यावर केशरी गोल म्हणजे तुमच्या कार्टमध्ये बिघाड आहे, पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या दुरुस्तीच्या जागेत, या. मधल्या काळात एक नवा नियमही आला आहे. पूर्वी पुढच्या नाकाने समोरच्याला ढकलणे चालून जात असे. आता अनेक स्पर्धांत पुढचे कवच अशा पकडीवर बसवतात, की धडक बसली की ते मागे सरकते आणि शर्यतीअखेर ते जागेवर नसेल तर वेळेचा दंड होतो.

गिअर नसलेल्या वर्गांत शर्यत चालत्या कार्टवर, दोन रांगांत सुरू होते. पहिल्या शर्यतीला मागून सुरुवात करण्याची मुभा मागावी. बहुतेक ठिकाणी ती आनंदाने देतात. पहिल्या वळणावर आतली बाजू धरावी, पण तिथे जागा जिंकायला जाऊ नये. टू-स्ट्रोक इंजिन पूर्ण वेगात असताना सरळ पट्ट्यावर कारण नसताना ॲक्सिलरेटर एकदम सोडू नये, कारण पेट्रोलबरोबर वंगणही थांबते आणि पिस्टन अडकण्याचा धोका असतो. पाण्याचे तापमान उत्पादकाने सांगितलेल्या पातळीवर येईपर्यंत जोर देऊ नये.

दुपारपर्यंत पंजे आखडतात. ते आखडले म्हणजे तुम्ही स्टिअरिंग गरजेपेक्षा घट्ट धरत आहात. सरळ पट्ट्यावर दर लॅपला बोटे एकदा सैल करून पुन्हा धरावीत. दोन फेऱ्यांच्या मध्ये पाणी प्यावे, सावलीत बसावे, आणि कार्टवर काम करणारा मित्र सोबत असेल तर काम त्याला करू द्यावे. अंतिम शर्यतीत लक्ष्य एकच ठेवावे : शेवटचे पाच लॅप आपल्या पहिल्या पाच लॅपइतके स्वच्छ चालवणे.

घरी आल्यावर त्याच रात्री चेन सैल करावी, उरलेले पेट्रोल काढावे, कार्ब्युरेटर रिकामा करावा आणि वहीत दिवसाच्या नोंदी पूर्ण कराव्यात. पुढच्या शर्यतीची नोंदणी मात्र त्या रात्री करू नये. बरगड्या आणि मान काय म्हणतात ते तिसऱ्या दिवशी खरे कळते. तेव्हा चॅसी पुन्हा एकदा धुवून, जोडकामाच्या जागा बॅटरीच्या उजेडात पाहून, मग अर्ज भरावा.